रूममेट की पार्टनर? घरातल्या मारहाणीची केस आणि जामीन: इंदूरमधल्या आपल्या लोकांसाठी

"रूममेट हो?" ठाण्यातल्या दीवानजींनी (हेड कॉन्स्टेबल) रजिस्टरमधून मान वर न काढताच विचारलं. मी "हो" म्हणालो. एफआयआरमध्ये उमटलं ते असं: रूममेटसोबत पैशावरून वाद. पाच वर्षं जोडीदार म्हणून एका घरात, त्यातली शेवटची दोन मार खाण्यात गेलेली, आणि कागदावर आम्ही भाडं वाटून घेणारी दोन पोरं.

त्या रात्री त्याने तवा फेकला, मी त्याला ढकललं, तो ओट्यावर आदळला. मी बाथरूममध्ये रक्त धूत बसलो आणि तो ठाण्यात आधी पोचला. त्यामुळे तो फिर्यादी आणि मी आरोपी. शनिवारची रात्र लॉकअपमध्ये, रविवारची जेलमध्ये, सोमवारी संध्याकाळी सुटका. मी वकील नाही, एका कंपनीत हिशेब बघतो. पण त्या तीन दिवसांत आणि नंतरच्या दीड वर्षात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर निदान एक रात्र वाचली असती. म्हणून हे लिहितोय. यात मार खाणाऱ्यासाठीही आहे आणि ज्याच्यावर केस झाली त्याच्यासाठीही. आपल्यात हे दोघं पुष्कळदा एकच असतात.

१. आपलं नातं कायद्याच्या कुठल्या खणात बसतं?

थोडक्यात सांगायचं तर कुठल्याच नाही. पण हे नीट समजून घ्या, कारण ठाण्यात प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतो.

६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंह जोहर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध समलिंगींवर लावल्या जाणाऱ्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. म्हणजे "आम्ही पार्टनर आहोत" असं सांगणं हा कुठल्याही गुन्ह्याचा कबुलीजबाब नाही. ठाण्यात कुणी "वो वाली धारा भी लगा देंगे" म्हणालं तर ती पोकळ धमकी आहे. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. याची वाईट बाजूही आहे. पुरुषाने पुरुषावर केलेल्या बळजबरीसाठी जे एक कलम वापरता यायचं, तेही त्याबरोबर गेलं. आता तिथे दुखापत, डांबून ठेवणं, धमकी असली कलमंच हाताशी उरतात.

सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी लग्नाचा हक्क नाकारला. त्यामुळे नवरा आणि सासरच्यांवर लागणारं जुनं ४९८अ, आताचं ८५, जोडीदारावर लागत नाही.

घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा. तो फक्त स्त्रीला तक्रार करू देतो, म्हणजे आम्हा पुरुषांसाठी दार बंद. दोन बायका एकत्र राहत असतील तर? २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने प्रतिवादीच्या व्याख्येतले "सज्ञान पुरुष" हे शब्द काढले, तेव्हा बऱ्याच मैत्रिणींना वाटलं की रस्ता उघडला. पण २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात कोर्टाने साफ म्हटलं आहे की समलिंगी जोडीदारांचं नातं या कायद्याखाली "विवाहसदृश" धरता येत नाही.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. मुलगी असाल आणि माहेरचे मारत असतील, कोंडून ठेवत असतील, जबरदस्तीने लग्न लावत असतील तर हाच कायदा पूर्ण लागू होतो. बाप, भाऊ, आणि २०१६ नंतर आईसुद्धा. रक्ताचं नातं आणि एक घर पुरतं. घरून पळून आलेल्या जोडप्यांसाठी ११ मार्च २०२४ चा देवू नायर निकाल वकिलाला दाखवा. पोलीस संरक्षण मागायला आलेल्यांना कोर्टांनी कसं वागवायचं, समुपदेशनाच्या नावाखाली त्यांचं मन वळवायचं नाही, हे त्यात सांगितलंय.

जोडीदाराच्या मारहाणीसाठी मग उरतात साधी मारामारीची कलमं, शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं तर लागतात तीच. जामीन मिळतो की नाही हे नात्यावर ठरत नाही, कलमावर ठरतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

२. मार खाल्ला असेल तर

जीवाला धोका वाटत असेल तर ११२. नाहीतर सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी (मारहाणीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून घ्या. इंदूरमध्ये बहुतेक जण एमवाय या सरकारी रुग्णालयातच जातात. ठाण्यातून चिठ्ठी घेऊनच जावं लागतं असं नाही, थेट गेलात तरी डॉक्टर मारहाणीची नोंद करून पोलिसांना कळवतात.

डॉक्टरला कशाने मारलं ते सांगा. "पडलो" म्हणू नका. मी दोनदा म्हणालोय, एकदा जिना आणि एकदा ॲक्टिव्हा. त्या दोन्ही चिठ्ठ्या नंतर माझ्याच विरोधात कामी आल्या.

मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळानिळा दिसतो, तेव्हा फोटो तिन्ही दिवस काढा, एकात तरी चेहरा आणि जखम एकत्र दिसू द्या. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रेचा आग्रह धरा, कारण हाड मोडलं की साधी दुखापत "गंभीर" होते आणि कलम बदलतं.

३. ठाण्यातला एक शब्द

मध्य प्रदेशातल्या ठाण्यांत एक ठरलेलं त्रिकूट आहे. पूर्वी २९४, ३२३, ५०६ म्हणायचे, आता २९६, ११५(२), ३५१. म्हणजे शिव्या, मारहाण, धमकी. मजकूरही पाठ असतो: मां-बहन की अश्लील गालियां दीं, जो सुनने में बुरी लगीं. माझ्या एफआयआरमध्ये हे वाक्य जसंच्या तसं आहे. त्या रात्री कुणी कुणाला शिवी दिलेली मला आठवत नाही. शिवाय ते कलम सार्वजनिक जागेसाठी आहे, बंद घरातल्या भांडणासाठी नाही. वकिलाला हे आवर्जून सांगा.

न्याय संहितेतल्या कलमांचा हिशेब असा:

- ११५(२) साधी दुखापत: जामीनपात्र. एकटंच असेल तर अदखलपात्र, पोलीस "अदम चेक" (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून हातात कागद देतात आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत.
- ११७(२) गंभीर दुखापत: सात वर्षांपर्यंत शिक्षा, तरीही जामीनपात्र.
- १२६(२) आणि १२७(२) अडवणं, डांबून ठेवणं: जामीनपात्र.
- ११८(१) हत्याराने दुखापत: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण अजामीनपात्र.
- ३०८(२) खंडणी, उदाहरणार्थ "पैसे दे नाहीतर तुझ्या ऑफिसात सांगतो" म्हणत पैसे उकळणं: अजामीनपात्र.

शिक्षा आणि जामीन यांचा ताळमेळ नाही हे बघा. सात वर्षांचं कलम जामीनपात्र, तीन वर्षांचं नाही. माझ्या केसमध्ये त्याने सांगितलं की मी तव्याने मारलं. तवा या एका शब्दाने ११८(१) लागलं, आणि ठाण्यातच मिळायचा तो जामीन कोर्टात गेला.

फिर्याद देत असाल तर जे घडलं ते सगळं सांगा, हत्यार होतं तर हत्यारही. वाढवून मात्र सांगू नका, एमएलसीशी जुळत नसलेला शब्द आधी तुमचीच केस पाडतो. सही करण्यापूर्वी वाचा, हिंदी हस्ताक्षर लागत नसेल तर वाचून दाखवायला लावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. दखलपात्र गुन्हा असून लिहून घेत नसतील तर डीसीपींना लेखी द्या (ग्वाल्हेरला असाल तर एसपींना), तरी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

४. "दोघांनाही बसवा"

दोन पुरुष किंवा दोन बायका भांडताना दिसल्या की पोलिसांना मारणारा आणि मार खाणारा वेगळा दिसत नाही. बरोबरीचा झगडा म्हणून दोघांवर क्रॉस केस (एकमेकांविरुद्ध केस) किंवा "१५१". हे जुनं १५१ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७० आहे. ती शिक्षा नाही, शांतता राखण्यासाठीची अटक आहे आणि २४ तासांच्या वर ठेवता येत नाही. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय असल्यामुळे शांततेचा बाँड एसीपींसमोर होतो. ग्वाल्हेरला आयुक्तालय नाही, तिथे एसडीएमकडे जावं लागतं.

बाँड देऊन सुटलात म्हणजे प्रकरण मिटलं असं समजू नका. बाँडच्या मुदतीत पुन्हा तक्रार झाली तर तोच गळ्यात येतो.

५. तुमच्यावर केस झाली असेल तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांनी आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३). अटक करायचीच असेल तर कारणं लिहावी लागतात. नोटीस मिळाली तर जा. न गेलात तर तेच अटकेचं कारण होतं.

मला हे माहीत नव्हतं. मी नोटीस मागितली नाही, कारण विचारलं नाही, नुसता जीपमध्ये बसलो.

अटक झालीच तर चार गोष्टी लक्षात ठेवा. कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. आणि तुमच्या अटकेची खबर कुणाला द्यायची हे तुम्ही सांगायचं: कायद्यात नातेवाईक, मित्र किंवा तुम्ही सांगाल ती व्यक्ती असं आहे. आई-वडिलांनाच कळवलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मी ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव दिलं. एका माणसाचा नंबर पाठ ठेवा, फोन काढून घेतल्यावर कुणाचाच आठवत नाही.

कोर्टात पहिल्यांदा उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांनी मारलं का. मारलं असेल तर तिथेच सांगा. अंगावर त्याने आधी केलेल्या जखमा असतील तर त्याही दाखवा. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत त्या नोंदवून घेतल्या असतील तर सोनं. माझ्या खांद्यावरचा जुना भाजल्याचा डाग त्या कागदात आला, आणि नंतर माझी उलट तक्रार उभी राहिली ती त्यावरच.

६. फोन आणि "घर पे बता दें क्या?"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. कधी पोलिसाकडून, कधी समोरच्याच्या भावाकडून, कधी मध्यस्थी करायला आलेल्या काकांकडून. आपल्याला कलमाची भीती नसते, याची असते, आणि समोरच्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

माझं मत विचाराल तर एका तरी घरच्या माणसाला आधीच तुमच्या तोंडून सांगा. सांगणं शक्य नसेल तर मित्राला. गुपित फुटण्याच्या भीतीने मी पहिल्या रात्री त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करायला निघालो होतो. "मी रागाच्या भरात मारलं, पुन्हा करणार नाही" असं त्यात होतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण तो कागद पुढे तडजोडीच्या बैठकीत, घरमालकासमोर, सगळीकडे फिरतो.

फोन जप्त केला तर जप्तीपत्रक घ्या, त्यावर मॉडेल आणि नंबर लिहिलेला असू द्या. नुसता "दिखाओ जरा" म्हणून उघडून हातात देऊ नका. फोटो पसरवण्याची धमकी समोरच्याने दिली असेल तर तो चॅट पुसू नका, वाचून कितीही लाज वाटली तरी.

७. वकील

वकिलाला खरं सांगा. तुम्ही सांगितलेलं त्याला बाहेर बोलता येत नाही, कायद्यानेच. मी आधी तिथेही रूममेट म्हणालो. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, "रूममेटच्या औषधांचा खर्च तुम्ही दोन वर्षं का करताय?" मग सगळं सांगितलं. अर्जात त्यांनी "सहनिवासी" असा शब्द घातला, तो खोटाही नव्हता आणि ओरडणाराही नव्हता.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. कोठडीत असलेल्या कुणालाही आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाबाहेर "भैया, जमानत करानी है?" म्हणत मागे लागणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

एक सापळा: सगळी कलमं जामीनपात्र असताना अटकपूर्व जामिनाचे पैसे घेणारे भेटतात. अटकपूर्व जामीन (कलम ४८२) अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो आणि सेशन्स किंवा हायकोर्टात मागतात. आधी एफआयआर, निदान कलमं, बघा. हायकोर्टासाठी जबलपूरला जावं लागत नाही, इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्हीकडे खंडपीठ आहे.

८. जामिनाचा अर्ज

जामीनपात्र कलमांत जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र असेल तर कलम ४८० खाली मॅजिस्ट्रेटकडे. स्त्री, आजारी किंवा अशक्त असाल तर कायदा थोडा सैल आहे, ते अर्जात लिहायला लावा. तिथे फेटाळला तर ४८३ खाली सेशन्स.

मध्य प्रदेशात सगळं अडतं ते केस डायरीवर, म्हणजे पोलिसांच्या तपासाच्या नोंदवहीवर. डायरी आली नाही तर सुनावणी पुढे. शनिवारी संध्याकाळी पकडलं तर रविवारी ड्युटी मॅजिस्ट्रेटसमोर, आणि माझ्यासारखा अर्ज सोमवारवर गेला तर मधली रात्र जेलमध्ये. म्हणून नोटीस आली असेल तर ठाण्यात सोमवार ते गुरुवार, सकाळी जा. सोबत वकील असू द्या.

अर्जात काय जोडलं:

- आधार, पॅन, भाडेकरार
- नोकरीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या
- हा पहिलाच जामीन अर्ज आहे असं शपथपत्र
- आपलीही एमएलसी असेल तर ती
- त्याच्यापासून वेगळं कुठे राहणार तो पत्ता

हा शेवटचा मुद्दा कुणी सांगत नाही. एकाच घरात राहणाऱ्यांच्या केसमध्ये मॅजिस्ट्रेटला पहिली काळजी असते की हा सुटून पुन्हा तिथेच जाईल. मी राजेंद्र नगरचा आईचा पत्ता दिला.

९. जामीनदार

पंचवीस हजारांचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश झाला. इथे माळव्यात जामीनदार म्हणजे पावतीवाला. पावती म्हणजे शेतीची ऋणपुस्तिका, कोर्ट तिच्यावर शेरा मारून देतं. पावती नसेल तर रजिस्ट्री, गाडीचं आरसी किंवा बँकेची एफडी चालू शकते. जामीनदाराचं आधार, पॅन आणि फोटो लागतात.

माझा मामा देवासहून पावती घेऊन आला तर बाबू म्हणाले दुसऱ्या जिल्ह्याची चालणार नाही. १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल नेमका यावरच आहे. गरीब गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली होती, सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं. वकीलबाईंनी निकाल काढलाही, पण घड्याळात चार वाजले होते. शेवटी आई एफडी घेऊन आली, दिवाळी अंकाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून.

फॉर्ममध्ये जामीनदाराने आरोपीशी नातं लिहायचं असतं. तिने "मुलगा" लिहिलं आणि पेन तसंच धरून मला विचारलं, "आणि तो तुझा कोण?" मी सांगितलं. तिने खाली सही केली.

पैसे घेऊन भाड्याने उभे राहणारे जामीनदार कोर्टाच्या आवारातच फिरतात. घेऊ नका. एकच पावती दहा जणांसाठी फिरवलेली पकडली गेली की तुमचा जामीन जातो. खरंच कुणी नसेल तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचा अर्ज करा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभर जामीनदार मिळाला नाही तर कायदा तुम्हाला निर्धनच मानतो.

१०. अटी, दोन्ही बाजूंनी

आदेशातल्या अटी घरी येऊन फ्रिजवर चिकटवा. संपर्क करायचा नाही म्हणजे व्हॉट्सॲपवर "कसा आहेस" सुद्धा नाही. त्याने आधी मेसेज केला तरी नाही. सामान आणायचं असेल तर वकिलामार्फत वेळ ठरवून, सोबत कुणीतरी घेऊन.

आणि मार खाल्लेला तुम्ही असाल तर याच अटी तुमच्या कामाच्या. घरगुती हिंसाचार कायद्याचा संरक्षण आदेश आपल्याला मिळत नाही. पण समोरच्याच्या जामिनाच्या सुनावणीत उभं राहून सरकारी वकिलामार्फत मागता येतं: याने माझ्या घरी, ऑफिसात येऊ नये, फोन करू नये, फोटो कुणाला पाठवू नयेत. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये लखीमपूरच्या प्रकरणात म्हटलं आहे. अट मोडली तर जामीन रद्द करायचा अर्ज. आपल्या हातात हाच काय तो संरक्षण आदेश.

ठाण्यात होणारा "राजीनामा" (इथे याचा अर्थ तडजोड) हा कोर्टातला राजीनामा नव्हे. काही कलमं कोर्टात मिटवता येतात, काही परवानगीने, काही फक्त हायकोर्टात. ठाण्यात कागद केला आणि केस संपली असं समजून तारखेला न गेलेले दोघं मला माहीत आहेत, दोघांवर वॉरंट निघालं.

११. पेशी (कोर्टाची तारीख)

केसचा सीएनआर नंबर वकिलाकडून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून ठेवा, तारीख तिथेच दिसते. वकिलाच्या फोनची वाट बघू नका. आजारी असाल तर हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी लागतो, दुसऱ्या दिवशी नाही. एक तारीख चुकली तरी मुचलका जप्त होऊ शकतो, आणि मग नोटीस जामीनदाराच्या नावाने निघते. माझ्या बाबतीत ती राजेंद्र नगरच्या घरी येईल, आईच्या नावाने, आणि दार शेजारच्या जोशीकाकू उघडतील.